बाबांना जपा

संकटात कुटुंब एक होतं. हे कुटुंबही रविवारी दुपारी एक झालं. फक्त सून आणि नणंद एका सोफ्यावर बसायला तयार नव्हत्या, म्हणून जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या बाहेर ओढून आणाव्या लागल्या. त्या आईने आणल्या.

सोफ्यावर मधोमध बाबा होते. पाठीशी उशी, गुडघ्यांवर चादर. बाबा पाणी खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेले. अर्ध्या शहराचं पाणी त्यांच्या सहीने सुटायचं आणि त्यांच्याच सहीने बंद व्हायचं. आता त्यांचे स्वतःचे डोळे काही कोरडे राहत नव्हते. कॅन्सर हा शब्द घरात आल्यापासून त्यांनी अन्नावरची वासना सोडली होती. म्हणजे ताट समोर आणून ठेवलं आणि आग्रह केला तरच जेवत.

उपचार उद्या सुरू व्हायचे होते. खरं तर ते आधीच सुरू व्हायला हवे होते. गेल्या खेपेला हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बाबांनी बसकण मारली, मला नाही जमायचं म्हणाले, आणि सगळी वरात परत फिरली होती. डॉक्टरीणबाईंनी तेव्हा आधी गोड शब्दांत आणि मग सरळ शब्दांत सांगितलं होतं की गाठ कुणाच्या मर्जीसाठी थांबत नाही. आणखी एकदा तारीख चुकवलीत तर पुढचं मला विचारू नका.

म्हणून ही बैठक. बाबा उद्या त्या पायऱ्या चढले पाहिजेत, एवढा एकच विषय.

थोरला मुलगा विमा एजंटांना आत्मविश्वास शिकवायचा. त्याने बाबांचा हात हातात घेतला आणि अर्धी लढाई मनातच जिंकायची असते, असं सांगितलं. उरलेल्या अर्ध्या लढाईबद्दल तो काही बोलला नाही. लेकीने ज्यूसर आणला होता आणि डाळिंबं आणली होती. डाळिंबं सोलायला आईकडे दिली. सुनेचं म्हणणं पडलं की बाबांसमोर वाईट शब्द काढायचेच नाहीत. किमोला 'ते' म्हणायचं. ठराव एकमताने पास झाला. मग थोरल्याने विचारलं, "ते किती वाजता आहे?" आणि बाबा हुंदका देऊन म्हणाले की 'ते' कशाला म्हणतोस, मला कळत नाही का?

थोरल्याने आठवड्यापूर्वी फोनवर जाहीर केलं होतं की वेळ आली तर आपण सगळेच टक्कल करू. त्याला यात फारसा त्याग करावा लागणार नव्हता. निम्मं काम निसर्गाने आधीच उरकलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी आई खरोखरच कानापर्यंत केस कापून आली. ते आज सगळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

"एवढी काय घाई होती गं?" लेक म्हणाली. "बाबांना किती धक्का बसला असेल."

बाबांनी मान हलवली. धक्का बसला होता.

संध्याकाळी सून पाणी प्यायला आत गेली, तर आई बाबांना गॅसजवळ उभं करून बटण कसं दाबून फिरवायचं ते दाखवत होती. सुनेने बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं, नवरा आत गेला.

"आई, हीच वेळ सापडली तुला? त्यांच्या चेहऱ्याकडे बघ जरा."

आईने बघितलं. मग गॅस बंद केला आणि बाबांना खुर्ची दिली. घरातल्या घरात पुष्कळ चर्चा झाली की आई पहिल्यापासूनच जरा कोरडी. दुपारीसुद्धा लॅबमधलं काम उरकून येताना ती भाजीच्या दोन पिशव्या घेऊन आली होती. लिफ्ट बंद, तरी चेहऱ्यावर काही नाही. अशा माणसाला दुसऱ्याचं दुःख कसं समजणार?

सोमवारी सकाळी बाबा पलंगावरून उठेनात.

"मला नाही जमायचं. पुढच्या आठवड्यात बघू."

थोरल्याने श्वास मोजायला सांगितलं. लेकीने ज्यूस पुढे केला. सून म्हणाली, एवढा त्रास होतोय तर नकोच आज, डॉक्टरांना फोन करून सांगू. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाच्याच चेहऱ्यावर सुट्टी वाया गेल्याचं दुःख दिसत नव्हतं.

आई दारात उभी होती.

"आजच जायचं," ती म्हणाली. "तुम्हाला नुसतं बसायचंय. बाकी काही नाही."

"तुला काय जातंय बोलायला? तू दगडासारखी आहेस. माझं काळीज तेवढं घट्ट नाही."

"नाहीये," आई म्हणाली आणि खाली वाकून त्यांच्या पायात मोजे चढवायला लागली.

हॉस्पिटलच्या पायऱ्या बाबा चढले. एका बाजूने थोरला, दुसऱ्या बाजूने लेक, मागून सून. लोक वाट सोडून देत होते. आई आधीच वर जाऊन काउंटरवरच्या सह्याबिह्या करून मोकळी झाली होती. मग चौघं बाकावर बसली आणि आई उभी राहिली, कारण बाकावर तेवढीच जागा होती.

काचेचं दार ढकलून नर्स चाकाची खुर्ची घेऊन बाहेर आली. तिने बाकाकडे पाहिलं, पांढऱ्या पडलेल्या बाबांकडे पाहिलं, आणि खुर्ची त्यांच्यासमोर आणून लावली. बाबांनी डोळे मिटले. लेकीने त्यांचा हात घट्ट धरला. थोरला म्हणाला, "बाबा, आम्ही आहोत."

"त्यांना राहू दे," आई नर्सला म्हणाली. "पेशंट मी आहे. कुठे यायचंय?"