चवीपुरतं

टाळेबंदीत अण्णा औषध आणतो म्हणून बाहेर पडले आणि मित्राकडे पत्ते कुटत बसले. "दुकानात रांग होती," असं घरी सांगितलं, पण साथीचा ताप सोबत आलाच. नवरा-बायको दोघंही आजारी पडून बरी झाली. बायकोच्या तोंडाची चव मात्र गेली, आणि रोजची भाजी खारट होऊ लागली. आपल्याच पापाची फळं म्हणून अण्णा मुकाट्याने गिळायचे.

"कशी झालीय?"

"फक्कड!"

आज तर घास तोंडात धरवेना. अण्णा घटाघटा पाणी प्यायले. बघतात तो बायकोने स्वतःसाठी झाकून ठेवलेली वेगळी भाजी पुढे ओढली.

"हे काय गं?"

"माझी चव कधीच परत आली. डब्यातलं मीठ आधी संपतंय की तुमची ती दुकानातली रांग, तेवढं बघतेय."