लिंबाच्या अलीकडे

“पुलावर ब्रेकच लागेना! अम्मासकट कावेरीत गेलो असतो!” ब्रेक दुसऱ्यांदा दुरुस्त झाला, तरी वरुणराव गाडी न्यायला तयार होईनात. “आता पक्का लागतो,” गॅरेजची मालकीण भुवना म्हणाली. “मग तुझ्या मेकॅनिकला पुढ्यात उभा कर.” ती नको म्हणेपर्यंत विघ्नेश गाडीसमोर उभाही राहिला. “अक्का, काम मी केलंय.” पहिल्यांदाही त्यानेच केलं होतं. दृष्ट लागू नये म्हणून निघताना चाकाखाली चिरडायचं लिंबू त्याने पायांशी ठेवलं. “इथवर या.” वरुणरावांनी गाडी सुसाट सोडली. भुवनाने डोळे मिटले. टायर किंचाळले. डोळे उघडले तर बंपर विघ्नेशच्या गुडघ्यांशी, लिंबू अख्खं, विघ्नेशही अख्खा. मागच्या सीटवरून अम्मा ओरडल्या, “लिंबू फुटलंच नाही! अपशकुन! मी उतरते!” भुवनाने विघ्नेशला दंडाला धरून बाजूला ओढलं. “या, वरुणराव. आता ब्रेक नाही लागला तरी चालेल.”