निवेदनाची पोच

फीमेल वॉर्ड. सव्वीस पेशंट, एक सिस्टर.

हातमोजे धुऊन वाळत घातले.

आठवा महिना चालू, तरी लागोपाठ दोन पाळ्या.

बाळंतिणींच्या खोलीत पंखा बंद. पुठ्ठ्याने वारा घातला.

मेल वॉर्ड. सलाईन संपल्याचं शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी सांगितलं.

स्वतःला ताप, एकशे दोन. रजा नाही.

अशा प्रत्येक ओळीपुढे नाव, गाव, कर्मचारी क्रमांक, वॉर्ड, मोबाइल आणि सही. एकोणीस पानं. निवेदनाला नुसत्या सह्या पुरतात, हे प्रिस्काला ठाऊक नव्हतं असं नाही. पण वसईतल्या एकाच खासगी हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं सिस्टर म्हणून काढल्यावर एक गोष्ट अंगात मुरते : पाळी सोडताना जे लिहिलं नाही, ते झालंच नाही. "नुसती सही कोण वाचतो गो?" असं म्हणत तिने प्रत्येकीकडून सगळं लिहून घेतलं होतं. आणि मोठ्या सिस्टरने शेवटी सही करायची, या रिवाजाप्रमाणे स्वतःचं नाव तळाला, एकोणिसाव्या पानावर घातलं होतं.

आमदारांच्या कार्यालयात ती अकराला पोचली. सोबत निधी होती. नालासोपाऱ्याची, तीन महिन्यांपूर्वी लागलेली, अजून कायम न झालेली. साहेब नव्हते. त्यांचे सहायक भूपेश होते. त्यांनी चहा मागवला.

"बोला बाय."

"बोलायचं काय, सगळं त्यात आहे. किती पेशंटमागे किती सिस्टर, आणि आम्हीच आजारी पडलो तर आमचा खर्च कोणी करायचा, याचं विधेयक मुंबईला समितीत पडून आहे. साहेबांनी या अधिवेशनात उभं राहून विचारावं, ते बाहेर कधी काढता. एवढंच."

"एवढंच म्हणतात!" भूपेश हसले. पान उलटलं. मग दुसरं. हसू थांबलं. "नंबर, वॉर्ड, मोबाइल. आमच्याकडे येतात ती निवेदनं म्हणजे नुसती रद्दी. हे तर तयार रजिस्टर आहे."

प्रिस्काला बरं वाटलं. "आधी पोच द्या," ती म्हणाली. "आवकचा शिक्का पाहिजे. मागून म्हणतात, कागद मिळालाच नाही."

"आमच्यावर विश्वास नाही?"

"विश्वास आहे. शिक्कापण पाहिजे."

शिक्का पडला. भूपेशांनी फाईलची दोरी सोडली आणि एकेक पान टेबलावर सपाट करून मोबाइलने फोटो काढायला घेतले.

"साहेब गाडीत वाचतील."

दर फोटोनंतर मोबाइल हलकेच टुपुक करायचा. गेला. पुढचा. टुपुक. गेला.

चौथ्या पानाशी प्रिस्काचा फोन वाजला. फीमेल वॉर्डची रीमा.

"बाय, मला वर ऑफिसात बोलावलंय. का ते सांगत नाहीत. वॉर्ड दुसरीला दे म्हणाले."

रीमा पहिल्या पानावर होती.

फोन ठेवला तोच कॅथरिनचा मेसेज आला : मलाही बोलावलंय. कॅथरिनची सही दुसऱ्या पानावर, वरून तिसरी.

"ही चंदनसारची सालोमी," भूपेश पाचव्या पानावरून वर न बघता म्हणाले, "नवीन का?"

"का?"

"अक्षर छान आहे."

टुपुक.

प्रिस्का उठून उभी राहिली. "दादा, फाईल द्या जरा. एक चूक राहिलीय."

"आता कशी देणार, बाय?" भूपेशांनी शिक्क्यावर बोट ठेवलं. आवाज अगदी मऊ. "आवक झाली. आता तो दफ्तराचा कागद. तुम्हीच मागितलात ना शिक्का?"

तिने सहाव्या पानावर तळवा ठेवला. भूपेशांनी तिचा हात बाजूला सारला नाही. खालचं सातवं पान ओढून घेतलं.

"बसा ना. चहा गार होतोय."

निधीने आपला फोन पर्समधून काढून टेबलावर ठेवला, पडदा वर करून.

"बाय, मी कितव्या पानावर आहे?"

प्रिस्काला माहीत होतं. दहाव्या. तिथल्या खाडाखोडीसकट तिला ते पान डोळ्यांपुढे दिसत होतं.

"बाय, बोला ना. कितवं?"

टुपुक. भूपेशांनी आठवं घेतलं. सुरकुती पडली होती, ती तळहाताने निगुतीने सरळ केली. निधी फोनकडे बघत राहिली. प्रिस्काही बघत राहिली. कपावर साय धरली.

सह्या सोमवारी घेतल्या होत्या. वॉर्डात झाडू मारणाऱ्या जिजामावशींना लिहिता येत नाही. आठव्या पानावर त्यांचा अंगठा पुसट उमटला, तेव्हा त्यांनी कागद परत मागून घेतला आणि तो पुन्हा एकदा, जोर देऊन, ठळक उमटवला.