आवाज तुटालाय

बेंगळुरात नोकरीला असलेला साईराज आईच्या व्हिडिओ कॉलला कंटाळला, की ठरलेलं एकच कारण सांगायचा. "आई, तुझा आवाज तुटालाय. ठेवतो."

गणपतीला तो कंग्राळीला घरी आला, तर सोप्यात, स्वयंपाकघरात आणि माडीवरही वायफायचे नवे डबे. फोन हातात धरून तो घरभर फिरला. रेंज कुठंच तुटेना. मग आईवरच उखडला.

"चार खोल्यांना तीन डबे? कुणी गंडवलं गं तुला?"

"कुणी न्हाय रं. मीच सांगून बसवून घेतले," मालुबाई ओशाळून म्हणाली.

"तरीबी तुला माझा आवाज तुटकाच येतोय न्हवं?" तिनंच पुढं विचारलं. "परसात आणि एक बसवू काय?"