सुलटा फेरा

दाराची चौकट कर्रकन वाजली आणि आतून उषाचा आवाज आला, "आत्याबाई, माती पडून राह्यली!"

ओसरीत तिच्या सासूनं, झुंबरबाईंनी, बंद दाराला दोन्ही तळहात लावले. "लेकराला पोटाशी धर, बाई. कोपऱ्यात बस." लेकराची पाचवी कालच झाली होती.

झडीनं माळवदाची माती भिजून जड झाली होती आणि तुळई खचून नेमकी दारावर बसली होती. खोलीला खिडकी नव्हती. दार फोडावं, तर त्या दारावरच आता सगळं माळवद तोललेलं. वर चढून माती काढावी, तर चढणाऱ्यासकट सगळं आत. तुळई चार बोटं उचलली, तरच दार उघडणार होतं.

वडीगोद्रीच्या सडकेवर उभ्या ट्रकचा ड्रायव्हर सर्जेराव आपला आट्यांचा जॅक घेऊन धावत आला. ओसरीत लांब पुढे आलेल्या तुळईच्या टोकाखाली त्यानं कमरेएवढ्या ओंडक्यावर जॅक उभा केला. जॅक आणि तुळईच्या मध्ये लाकडाचा टेकू द्यायचा होता. तो शाळेचे साहेबराव गुरुजी धरून उभे होते. जॅकच्या डोक्यातल्या भोकात सर्जेरावानं लांब पहार घातली.

"दोघं दोन टोकं धरा अन् ओंडक्याभोवती फिरा," तो जमलेल्या शेजाऱ्यांना म्हणाला. "तुम्ही गोल फिरायचं, आटे वर चढतील. ओंडका डाव्या हाताला ठेवा."

झुंबरबाईंनी पहार अडवून धरली. "डाव्या हाताला? तसा उलटा फेरा मढ्याला मारत्यात!"

"आजी, उजवा फेरा घेतला तर आटे खाली जातील."

"घरात बाळंतीण हाय. तिच्या दारात उलटा फेरा न्हाई म्हंजी बिलकुल न्हाई! माणसं कामून उलटी फिरवता? तुमचं यंतर करा की उलटं!"

कुणीतरी हसलं. पण पहारीला लागलेल्या दोघांनीही हात काढून घेतले. आत मातीचं ढेकूळ धपकन पडलं आणि लेकरू रडायला लागलं.

गुरुजी हसले नव्हते. त्यांनी टेकू सर्जेरावाच्या हाती दिला आणि खिशातलं आट्यांच्या टोपणाचं पेन काढलं. टोपण वर धरून डावीकडे फिरवलं. सुटलं. पुन्हा बसवलं, पेन उलटं केलं. आता टोपण खाली. या वेळी त्यांनी ते उजवीकडे फिरवलं.

सुटलं!

"अरे, बाई बराबर सांगते!" गुरुजी ओरडले. "सर्जेराव, जॅकचं डोकं खाली कर, बूड वर!"

"गुरुजी, इतकी वर्षं गाडी चालवून राह्यलो, असा जॅक कुणी लावलेला पाह्यला न्हाई."

"अशी सासू तरी कुठं पाहिली होतीस? लाव लवकर!"

जॅकचं डोकं ओंडक्यावर टेकलं, बूड टेकूखाली गेलं. ओंडका उजव्या हाताला ठेवून दोघं चालू लागले. देवळात चालतात तसे. एक फेरा झाला, टेकू तुळईला भिडला. आणखी एक झाला, लाकूड कण्हलं. मग दाराच्या वर काडीएवढी फट दिसली.

"चढतंय!" गुरुजींना आवाज आवरेना. "पाय त्याच गोलात फिरताहेत आणि तुळई वर चालली! पळू नका, थांबू नका. प्रत्येक फेऱ्याला तेवढंच चढणार!"

झुंबरबाईंनी पदर खोचला आणि पहारीला खांदा लावला. मग शेजारणी आल्या. फट बोटभर झाली, दोन बोटं झाली, चार बोटं झाली. डोक्यांवर माती गळत होती आणि ती झटकायलाही कुणी हात काढत नव्हतं.

दार खरवडत उघडलं. मातीनं माखलेली उषा लेकराला पदराखाली धरून बाहेर आली. पहारीवरच्या एकालाही ते कळलं नाही. सगळ्यांच्या माना वर होत्या आणि पाय गोल गोल चालले होते. सगळ्यांत पुढे झुंबरबाई.

उषानं लेकराच्या तोंडावरची माती पुसली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "थांबा की आता. कुठवर नेता घर?"