करवंटीचा चमचा

पानं मांडली होती, भात वाढून झाला होता, आणि व्याह्यांच्या शेजारचा पाट रिकामाच होता. सांडोरच्या त्या मांडवात चाळीस माणसं हात आवरून बसली होती. मुलीच्या बापाने पहिला घास घेतल्याशिवाय व्याह्यांच्या पंगतीत कुणी भाताला हात लावत नाही, आणि मुलीचा बाप हरिश्चंद्र मागच्या केळीत उभा राहून घाम पुसत होता.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, वाडीला पाणी देताना त्याचा उजवा पंजा रहाटात सापडला. जीव वाचला, पण बोटं लाकडाची झाली. मूठ मिटेना, मनगट वळेना. डाव्या हाताने जेवणं घरातही अशुभ, पंगतीत तर सोयच नाही. गेली चार वर्षं त्याची बायको आनंदीबाई त्याला दार लोटून, लहान पोराला भरवावं तशी भरवत होती. अख्ख्या गावाला पुरतील एवढी केळी पिकवणारा माणूस, आणि स्वतःच्या तोंडात घास घालता येईना! लाज वाटायची हो. चार वर्षांत तो कुणाच्या लग्नात जेवला नव्हता की बारशात. पण आज लग्न घरचं होतं. "दादा पाटावर बसले नाहीत तर मीही उपाशीच सासरी जाईन," असं लेकीने, सुमनने, सकाळीच बापाला ठणकावलं होतं, आणि पोरगी हट्टाला बापाच्याच वळणावर गेलेली.

त्यात व्याही म्हणजे बोळिंजचे विद्याधरभाऊ, मोठं प्रस्थ. साखरपुड्याला आले आणि ताटाला न शिवता उठले. म्हणे, उपास आहे. पुढच्या खेपेलाही उपासच! आपलं अन्न त्यांना चालत नाही, असं सगळ्या सांडोरने ठरवून टाकलं. अशा माणसाच्या मांडीला मांडी लावून हरिश्चंद्राला जेवायचं होतं, आणि तेही चमच्याने.

चमचा गिरीजच्या सॅन्टन सुताराने केला होता. रहाटही त्याच्याच हातचा. "माझ्या रहाटाने हात खाल्ला, तर जेवण मीच घालीन," म्हणत तो आठवडाभर ओटीवर बसून मापं घेत होता. करवंटीची छोटी वाटी, तोंडाकडे वळवलेला फणसाच्या लाकडाचा दांडा, आणि पंजाला बांधायला पट्टा. पंगतीत चामडं नको म्हणून पट्टा आनंदीबाईने आपल्या लुगड्याच्या काठाचा शिवला. सॅन्टनने असे दोन चमचे केले.

"दोन कशाला? मला काय दोन तोंडं आहेत?" हरिश्चंद्र खेकसला होता.

"राहू दे. लागतो," एवढंच सॅन्टन म्हणाला.

आता आनंदीबाई केळीत आली आणि तिने पट्टा करकचून आवळला. "चार वर्षं मी भरवलं. आज मी वाढणार आणि तुम्ही जेवणार. चला!"

तो पाटावर येऊन बसला तशी खसखस पिकली. "साहेब आले, साहेब!" कुणीतरी बोललंच. त्याने करवंटी वरणभातात घातली. चार शितं सांडली. मग दांडा वर आला, करवंटी ओठांशी टेकली आणि घास आत गेला. स्वतःच्या हाताने! मग दुसरा, मग तिसरा. खसखस कुठल्या कुठे विरली. दारात उभी सुमन रडता रडता हसत होती. पंगतीतले हात पानांकडे गेले.

एक तेवढा गेला नाही. विद्याधरभाऊ उपरण्याखाली हात ठेवून त्या चमच्याकडे टक लावून बघत होते.

"झालं, निघाला उपास," मागून कुणी पुटपुटलं.

कालचा हरिश्चंद्र असता तर मान खाली घालून बसला असता. आजचा बसला नाही. "व्याही, आमच्या अन्नात खोट काय आहे, ते एकदा सांगून टाका."

विद्याधरभाऊंनी उपरणं बाजूला केलं. त्यांचा उजवा हात लटलट कापत होता.

"अन्नात नाही हो," ते हळूच म्हणाले. "सहा वर्षं झाली. चारचौघांत घास उचलला की अर्धा अंगावर सांडतो."

हरिश्चंद्राने घराकडे तोंड करून अशी खणखणीत हाक मारली की मांडव दणाणला.

"अगं, तो दुसरा चमचा आण! व्याह्यांचा उपास सुटला!"