चौथी लट

काल पाचशे वीस फेरे भरले होते. आज चारशे ऐंशी.

मालानं लाकडी फाळक्यावर गुंडाळलेलं सूत पुन्हा मोजलं. चारशे ऐंशीच.

"गुरुजींचीच पोरगी, आन् मोजायला ईना!" भिंतीकडून सिद्धू ओरडला. चौथीचा वर्ग हसला.

शेडगे गुरुजींनी वर पाहिलं नाही. "मोजण्यात चूक झाली असेल," ते म्हणाले. "परत मोज."

शाळेत ते तिचे गुरुजी होते. आण्णा फक्त घरी. सूतकताईच्या तासाला त्यांचे दोन नियम होते. तुटलेला धागा टाकायचा नाही, जोडायचा. आणि ज्यानं तोडला, त्यानंच जोडायचा. शेजाऱ्यानं जोडून दिलेला धागा त्यांना नुसत्या बोटांनी कळे, आणि मग ते तो काढायला लावत. पोरं रडत. पण चौथी सुटताना प्रत्येकाच्या हातात स्वतः कातलेली एक गुंडी असे. एकशे साठ फेऱ्यांची एक लट, चार लटींची गुंडी.

मालाला कताईचा कंटाळा होता. कापसाचा पेळू मांडीवर टाकून ती खिडकीबाहेर बघत बसे. आषाढात तिच्या आईला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा गुरुजी तिला म्हणाले, "तुझी गुंडी पुरी झाली की आई घरी येती बघ." डॉक्टरांनी तेव्हा पंधरा दिवस सांगितले होते. एका दगडात दोन पक्षी मारता येतील असं गुरुजींना वाटलं.

माला बसली ती उठेचना. मधल्या सुट्टीतही तिची टकळी फिरत राही. अंगठ्याला घट्टा पडला. धागा तुटला तर ती कुणाकडं न बघता जोडू लागली. "चिकाटी म्हणतात ती ही," असं म्हणून गुरुजींनी एकदा तिचा हात सगळ्या वर्गाला दाखवला.

तीन लटी झाल्या. चौथी लागली, आणि सूत वाढेनाच. दिवसभरात चाळीस फेरे व्हावेत, सकाळी तेवढेच कमी भरावेत. नागपंचमी गेली. गणपती उठले.

"उंदीर असंल गं," शेजारची रशीदा म्हणाली.

"उंदीर कुरतडतो. ह्यो मोजून नेतोय."

"मग सिद्ध्याच."

"मी?" सिद्धू उसळला. "माझी एक लट हुईना, तिची काय करू, लोणचं घालू?"

"सिद्धूनं घेतलं नाही," गुरुजी म्हणाले. त्यांचं तोंड फळ्याकडं होतं.

रशीदाचा बाप शिंपीकाम करायचा. दुसऱ्या दिवशी तिनं घरून हिरवा दोरा आणला. शाळा सुटताना दोघींनी मिळून मोजलं. पाचशे वीस. शेवटच्या चाळीस फेऱ्यांना त्यांनी हिरव्या दोऱ्याची गाठ मारली आणि फाळका कपाटात ठेवला. गुरुजींनी कुलूप घातलं.

दुसरा दिवस शनिवारचा होता. शाळा लवकर सुटायची आणि गुरुजी मिरजेच्या एस्टीला जायचे. पोरं कवायतीला मैदानात गेली होती.

"माला, कोटातली किल्ली घे. कपाट उघड."

कोट खुंटीला होता. मालानं खिशात हात घातला. किल्लीच्या आधी काहीतरी मऊ लागलं. ओढलं तसं ते येतच राहिलं. सुताचा गुंता, दाबून दाबून बसवलेला. त्यात एक हिरवी गाठ होती.

ती तिथंच उभी राहिली. श्रावणातल्या एका शनिवारी आण्णा मिरजेहून आले, पाय न धुताच उंबऱ्यावर बसले आणि जेवले नाहीत. त्यानंतरच्या सोमवारी सूत पहिल्यांदा कमी भरलं होतं. माला हिशेबात कच्ची होती. हा हिशेब मात्र तिला एकदाच करावा लागला.

"आण्णा," ती म्हणाली. शाळेत ती कधी असं म्हणाली नव्हती. "आई येनार न्हाई व्हय?"

गुरुजी खुर्चीवरून उठले.

"गुंडी पुरी झाली असती," ते म्हणाले, "तर तुला काय सांगणार हुतो, पोरी?"

मालानं गुंता टेबलावर ठेवला. कपाट उघडून फाळका काढला आणि शेजारी ठेवला. फाळक्यावरून धाग्याचं तुटकं टोक लोंबत होतं.

"तुमी तोडलंय. तुमीच जोडा."

गुरुजी खाली तरटावर बसले, पोरं बसतात तिथं. गुंता त्यांनी मांडीवर घेतला. टोक सापडलं. ते फाळक्यावरच्या टोकाला लावून त्यांनी पीळ दिला. सुटलं. परत दिला. परत सुटलं.

मालानं मदतीला हात पुढं केला. मग तिला नियम आठवला, आणि तिनं हात मागं घेतला.